मागच्या दाराची लिफ्ट

"ताई, नमस्कार. मी सिंहगड रस्त्यावर राहते, वय ४१. आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत. दोन महिन्यांपूर्वी सभेत ठराव झाला की घरकामाच्या बायका, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीची मुलं यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरायची. मी तिथे होते. मला ते अजिबात पटलं नव्हतं, पण घसा कोरडा पडला, तोंडातून शब्द फुटेना. ठराव 'एकमताने' मंजूर झाला. ३ जानेवारीला माझी मुलगी शाळेत सावित्रीबाई झाली होती. नऊवारी, आडवं कुंकू, हातात पाटी. आम्ही परत आलो तेव्हा सर्व्हिस लिफ्ट बंद होती आणि आमच्या मावशी गुडघ्यावर हात ठेवून जिना चढत होत्या, नवव्या मजल्यापर्यंत. मुलीने हाक मारली, 'मावशी, या ना आमच्याबरोबर.' त्या नुसत्या हसल्या. वर आल्यावर मुलीने विचारलं, त्यांना का नाही चालत? मी म्हटलं, 'नियम आहे.' ताई, मी सावित्रीबाईंबद्दल, रोझा पार्क्सबद्दल वाचते, स्टेटसला त्यांचे फोटो ठेवते, अंगावर काटा येतो. मग सभेत ते सगळं कुठे जातं? नवरा म्हणतो, आपल्याला इथेच राहायचंय, वाईटपणा कशाला घ्यायचा. त्या बायका वेगळ्याच मातीच्या होत्या का? मी एकटीच सर्व्हिस लिफ्टने जायला लागू का? — मूग गिळून बसलेली"

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही स्वतःला मूग गिळून बसलेली म्हणता, पण मूग खरंच गिळलेले असते तर हे पत्र आलं नसतं. दोन महिने ती सभा तुमच्या मनात सलते आहे आणि मला त्यातच आशा वाटते.

रोझा पार्क्स तुम्ही वाचली आहे म्हणता, पण तिची एकच संध्याकाळ बहुतेकांना ठाऊक असते. १ डिसेंबर १९५५, अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर, बस, आणि गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठायला नकार, म्हणून अटक. मला तुम्हाला त्याआधीची एक घटना सांगायची आहे, कारण ती तुमच्या लिफ्टसारखीच आहे. त्या शहरात काळ्या माणसांनी बसच्या पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरायचं आणि मागच्या दाराने परत चढायचं, अशी पद्धत होती. पैसे पुढून चालत, माणूस मागून. १९४३ मध्ये रोझा पुढून चढली, पैसे दिले आणि परत उतरून मागे जायला तयार झाली नाही. ड्रायव्हरने तिच्या कोटाची बाही धरली. तिने हातातली पर्स खाली पडू दिली आणि ती उचलण्याच्या निमित्ताने क्षणभर पुढच्या, गोऱ्यांच्या जागेवर टेकली. मग ती बसमधून उतरून गेली. त्या दिवशी ना अटक झाली, ना आंदोलन. तिने एवढंच ठरवलं की या ड्रायव्हरच्या बसमध्ये पुन्हा चढायचं नाही.

बारा वर्षांनी, त्या डिसेंबरच्या संध्याकाळी, ड्रायव्हर कोण आहे हे न बघता ती चढली आणि तो तोच निघाला.

तुम्ही विचारता, त्या वेगळ्या मातीच्या होत्या का? नाही. पण त्या बारा वर्षांत तिने काय केलं ते पाहा. १९४३ पासूनच ती कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेची सचिव होती. पत्रं लिहायची, बैठकीच्या नोंदी ठेवायची, ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांचे जबाब टिपून घ्यायची. दिवसभर नोकरी, शिवणकाम आणि मग हे. १९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातल्या एका लोकशाळेत ती शिबिराला गेली होती. तिथे सेप्टिमा क्लार्क नावाच्या शिक्षिका शिकवत होत्या. म्हणजे ज्या संध्याकाळी ती जागची उठली नाही, त्या संध्याकाळी तिच्या पाठीशी बारा वर्षांची वहीपेन्सिल होती, ओळखीचे वकील होते, जामिनाला धावून येणारी माणसं होती. लोक म्हणत राहिले की दमलेली शिवणकाम करणारी बाई होती, म्हणून उठली नाही. तिने स्वतः नंतर सांगितलं, की अंग थकलं नव्हतं, सतत नमतं घेऊन थकले होते. वय ४२. तुमच्याहून एक वर्षाने मोठी.

सभेत शब्द फुटला नाही याचं कारण तुमचं काळीज लहान आहे हे नाही. तुम्ही तिथे रिकाम्या हाताने गेला होतात. विषयपत्रिकेवर काय आहे ते नीट पाहिलं नव्हतं, शेजारच्या कुणाशी बोलणं झालं नव्हतं, मावशींना काय वाटतं ते ठाऊक नव्हतं. अशा वेळी माणसाला वाटतं की आता उठून भाषण तरी करायचं, नाहीतर गप्प तरी बसायचं. भाषण जमत नाही, मग गप्प बसणं उरतं. माझंही कितीदा असं झालं आहे.

आपल्या सावित्रीबाईंचंच बघा. १८४८ मध्ये भिडे वाड्यातल्या शाळेत शिकवायला जाताना अंगावर शेण-चिखल फेकत, म्हणून शाळेत गेल्यावर बदलायला त्या जादा लुगडं बरोबर नेत, ही गोष्ट तुमच्या मुलीने शाळेत नक्की ऐकली असेल. आपण ती शेणाची गोष्ट म्हणून सांगतो. मला मात्र ते लुगडं दिसतं. सकाळी घरातून निघताना कुणीतरी त्याची घडी घालून ते पिशवीत ठेवलं. आज काय होणार हे माहीत होतं, त्याची तजवीज केली आणि दार ओढून बाहेर पडल्या. रोज.

आणि घरच्यांचा विरोध त्यांनाही होता. १० ऑक्टोबर १८५६ चं नायगावहून जोतिबांना लिहिलेलं त्यांचं पत्र आहे. आजारपणामुळे त्या माहेरी गेल्या होत्या. तिथे भावाने त्यांना बोल लावले, की तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी जे करता त्याने कुळाला बट्टा लागतो. त्यांनी भावाला उत्तर दिलं, त्याचं म्हणणं खोडून काढलं. पण त्याच पत्रात त्या शाळेतल्या आपल्या सहकारी फातिमा शेख यांचीही काळजी करतात. आपण नाही म्हणून तिला शाळेचं सगळं एकटीने ओढावं लागत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. आजारी असताना, घरचे टोचून बोलत असताना या बाईचं मन पुण्यात मागे राहिलेल्या मैत्रिणीकडे होतं. फातिमा शेख नसत्या तर त्या माहेरपणात शाळेचं काय झालं असतं कोण जाणे.

म्हणून तुमच्या नवऱ्याच्या बोलण्याचा राग धरू नका. रोझाचा खटला पुढे न्यायचा असं ठरत होतं तेव्हा तिचा नवरा रेमंड म्हणाला होता की हे गोरे लोक तुला मारून टाकतील. भित्रा नव्हता तो. तिच्या आधीपासून तो खोट्या आरोपात अडकलेल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी लपूनछपून काम करत होता, म्हणूनच त्याला किंमत ठाऊक होती. आणि किंमत मोजावी लागलीच. जानेवारी १९५६ मध्ये तिची नोकरी गेली, त्यालाही आपली सोडावी लागली आणि १९५७ मध्ये दोघांनी ते शहर सोडलं. पुढची कित्येक वर्षं ओढगस्तीची होती. तुमच्या यजमानांना विचारा, वाईटपणा म्हणजे नेमकं काय होईल? पार्किंगवरून कुरबुर? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टोमणे? गणपतीच्या वर्गणीच्या वेळी अबोला? कागदावर लिहून काढा. भीती लिहिली की तिला आकार येतो. त्यांना एक गोष्ट पटवावीच लागेल, कारण शेअर सर्टिफिकेटवर नाव त्यांचं असेल तर सही त्यांची लागणार आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

पण त्या सगळ्याच्या आधी मावशी.

तुमच्या पत्रात मला एकच गोष्ट खुपली. मावशी जिना चढताना दिसतात, हसताना दिसतात, पण या ठरावाबद्दल त्यांचं म्हणणं काय, ते कुठेच नाही. तुम्ही विचारलंच नसावं असं वाटतं. मी हे अधिकाराने सांगत नाही, पश्चात्तापाने सांगते आहे. मी जिथे शिकवत होते तिथे शिक्षकांच्या खोलीबाहेर, खिडकीच्या गजाला, शिपाई मावशीचा स्टीलचा पेला टांगलेला असे. आमचे कप आत ट्रेमध्ये आणि त्यांचा पेला बाहेर, पावसात त्यात पाणी साचायचं. एके वर्षी सावित्रीबाईंच्या जयंतीचं भाषण करून मी खाली उतरले आणि त्याच भरात बैठकीत तो पेल्याचा विषय काढला. चांगलं बोलले, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. पंधरा दिवसांत त्या बाईंना मागच्या इमारतीत स्वच्छतागृहांच्या कामावर पाठवलं. कारण कुणी लिहिलं नाही, पण सगळ्यांना कळलं. मी त्यांना भेटायला गेले. हातातला खराटा भिंतीला टेकवून त्या म्हणाल्या, "बाई, मला आधी विचारायचं होतं ना. पेल्याचं मी बघून घेतलं असतं. पगार वीस-वीस तारखेपर्यंत होत नाही, तेवढं बोलला असता तर बरं झालं असतं."

तेव्हापासून मी कुणाच्या वतीने तोंड उघडण्याआधी विचारते.

मावशींनी तुमच्याशिवाय आणखी चार घरं धरलेली असतील. तुम्ही सभेत उठलात आणि त्या चारांपैकी दोघांना राग आला तर पगार कुणाचा बुडणार? तुमचा नाही. म्हणून त्या हातपाय धुऊन दोन मिनिटं टेकतात तेव्हा, मुलगी शाळेत असताना, सरळ विचारा: तुम्हाला याचा त्रास होतो का? काय झालं तर बरं वाटेल? तुमचं नाव येऊ नये असं वाटतं का? कदाचित त्या म्हणतील, लिफ्टचं राहू द्या, पण ती बंद पडली की दुसरी वापरू द्या, गुडघा धरतो. कदाचित म्हणतील, गेटवर पिशवी उघडून दाखवावी लागते, त्याची जास्त लाज वाटते. आणि कदाचित म्हणतील, नका बोलू काही. ते शेवटचं उत्तर आलं तर सभेत मावशींचा 'म' सुद्धा काढायचा नाही. तुम्हाला सभासद म्हणून जे पटत नाही तेवढंच तुमच्या नावावर बोलायचं.

पिटुकली मागणी करायला लाज वाटू देऊ नका. रोझाच्या अटकेनंतर माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला तेव्हा पहिल्या मागण्या ऐकल्या तर तुम्हाला नवल वाटेल: ड्रायव्हरनी नीट वागावं, जो आधी चढेल त्याला आधी जागा मिळावी, काळ्या वस्तीतून जाणाऱ्या मार्गांवर काळे ड्रायव्हर घ्यावेत. बसमधली वेगळी आसनंच रद्द करा, असं सुरुवातीला म्हटलेलंच नव्हतं. तेवढंही मिळेना म्हणून ३८१ दिवस लोक पायी चालले आणि अखेर वेगळी आसनंच कायद्याने गेली. त्यासाठी न्यायालयात गेलेल्या चौघीही बायकाच होत्या.

त्या चौघींत क्लॉडेट कॉल्विन होती. तिची गोष्ट तुमच्या मुलीला जरूर सांगा, कारण ती शाळकरी होती. वय १५. रोझाच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, तीही जागेवरून उठली नाही आणि तिला बेड्या घालून नेलं. शाळेत त्या सुमारास आपल्या लोकांचा इतिहास शिकवत होते. ती पुढे सांगायची, मला उठताच येईना. एका खांद्यावर हॅरिएट टबमनचा हात आणि दुसऱ्या खांद्यावर सोजर्नर ट्रूथचा हात दाबून बसवतोय असं वाटलं. या दोघी गुलामीतून सुटून इतरांसाठी लढलेल्या बायका, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेल्या. तुम्ही विचारता ना, वाचलेलं सभेत कुठे जातं? या पोरीच्या बाबतीत ते खांद्यावर आलं. पण तिने ते वाचलं होतं, त्यावर बोलली होती, वर्गात वाद घातला होता. स्टेटसला ठेवलेला फोटो चोवीस तासांनी जातो. मुलीबरोबर बसून वाचलेलं पान जात नाही.

आता सोबतीबद्दल. सभेत मान खाली घालून बसलेलं आणखी कोण होतं, ते आठवा. ८४ फ्लॅटच्या सोसायटीत तुम्ही एकट्याच अस्वस्थ झालात हे मला पटत नाही. ठरावाच्या वेळी उगाच मोबाइल चाळणारं कोण होतं? "जाऊ द्या, पुढचा विषय घ्या" असं कोण म्हणालं? त्यांच्या घरी चहाला जा. सहकारी कायद्यात तरतूद आहे की एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ८४ चे एक पंचमांश म्हणजे १७ सह्या. इमारतीत १७ घरं तुम्ही ओळखता, हळदीकुंकवालाच याहून जास्त बायका येत असतील. आता संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालूच आहेत. वाण द्याल तेव्हा बोला. मी हे गमतीने म्हणत नाही. बायका जिथे जमतात तिथेच कामं झाली आहेत.

जो अॅन रॉबिन्सन हे नाव लिहून ठेवा. माँटगोमेरीतल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारी बाई. १९४९ मध्ये जवळजवळ रिकाम्या बसमध्ये चुकून पुढच्या जागेवर बसली म्हणून ड्रायव्हर अंगावर ओरडला आणि ती रडत उतरली. रडत. तुमच्या कोरड्या घशासारखंच ते. पुढच्या वर्षी तिने बायकांच्या एका मंडळाची धुरा घेतली. मे १९५४ मध्ये महापौरांना पत्र लिहून कळवलं की सुधारणा झाली नाही तर आमचे लोक बसने जाणं बंद करतील. आणि रोझाला अटक झाल्याच्या रात्री ती एका सहकाऱ्याला आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन महाविद्यालयात गेली, रात्रभर चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रकं काढली आणि सकाळी वर्ग घ्यायला हजर झाली. ती शाईची रात्र झाली नसती तर सोमवारी बस रिकाम्या धावल्या नसत्या. बहिष्काराचं नाव निघालं की ते मार्टिन ल्यूथर किंग यांचं निघतं, आणि ते योग्यच आहे, पण या बाईचं नाव मागे पडलं याचं मला कायम वाईट वाटतं.

आणि ज्यांना उघड पुढे होता येत नाही, त्यांनाही सोबत घ्या. जॉर्जिया गिलमोर उपाहारगृहात स्वयंपाकी होती. बहिष्काराच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून तिची नोकरी गेली. तिने घरीच रांधायला सुरुवात केली. केक, 'पाय' नावाची गोड पक्वान्नं आणि चिकनचे सँडविच विकून आलेले पैसे दर आठवड्याला बैठकीत आणून द्यायची, लोकांना ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी. तिच्याबरोबर रांधणाऱ्या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव उघड झालं असतं तर त्याही रस्त्यावर आल्या असत्या. म्हणून त्यांच्या मंडळाचं नाव ठेवलं "कुठूनच न आलेलं मंडळ". पैसे कुठून आले? कुठूनच नाही. तुमच्या सोसायटीतही कुणी म्हणेल, सही नको, सासरे समितीवर आहेत. त्यांना म्हणा, सही नको, पण सभेला या आणि हात वर करायची वेळ येईल तेव्हा करा.

सभेत काय बोलायचं? दोन वाक्यं, कागदावर लिहून, वाचून दाखवायची. पाठ करायला जाऊ नका, विसरलं की घसा पुन्हा बसेल. "मागच्या सभेत मी बोलले नव्हते, म्हणून आज बोलते. लिफ्ट माणसांसाठी आहे आणि आपल्या घरात काम करणारी माणसं ती वापरू शकतील असा ठराव मी मांडते." बस्स. सामानाची, कचऱ्याच्या डब्यांची ने-आण सर्व्हिस लिफ्टने व्हावी याला कुणाचीच हरकत नसेल, ते आधीच मान्य करून टाका म्हणजे वाद भलतीकडे जाणार नाही. पहिल्या खेपेला हराल कदाचित. इतिवृत्तात निदान "एकमताने" हा शब्द येणार नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सर्व्हिस लिफ्टने जाऊ का, असं विचारलंत. एक आठवडा जा, मुलीलाही न्या. कुणाला दाखवायला नको, बघायला जा. ती कितीदा बंद असते, आत पंखा आहे का, सकाळी आठ वाजता खाली किती बायका थांबलेल्या असतात, ते तारीख घालून वहीत लिहा. रोझाची वही आठवा. सभेत तुमच्या हातात ती वही असेल.

मुलीला मात्र आज संध्याकाळीच सांगा, की मी "नियम आहे" म्हणाले ते अपुरं होतं. तो नियम झाला तेव्हा मी तिथे होते आणि गप्प बसले होते. लेकरं अशा कबुलीने आईला कमी लेखत नाहीत. एखाद्या रविवारी तिला घेऊन गंज पेठेतल्या फुले वाड्यात जा. आपल्या घरचा हौद जोतिबांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला होता, ती गोष्ट तिथेच उभं राहून सांगा. पाणी होतं आपलं, दार आपलं, आणि आपणच ते उघडलं. याच माणसाने १८७३ मध्ये आपलं "गुलामगिरी" हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तेव्हा माँटगोमेरी आणि पुणे ही गाठ मी ओढूनताणून मारत नाही, ती दीडशे वर्षांपूर्वी इथेच मारलेली आहे.

आणि ४१ व्या वर्षी आता काय बदलणार, असं मनात आलं तर फॅनी लू हेमर आठवा. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कापसाच्या मळ्यावर राबणारी ही बाई. काळ्या माणसाला मत देता येतं हे तिला १९६२ मध्ये, ४४ व्या वर्षी, पहिल्यांदा कळलं. नाव नोंदवायला १७ जणांबरोबर बसने गेली. परतताना पोलिसांनी बस अडवली, आत सगळे भेदरलेले. तिने गाणं म्हणायला सुरुवात केली. त्याच रात्री १८ वर्षांचं काम आणि घर दोन्ही गेलं. ती परत नाव नोंदवायला गेलीच.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा सभेत काय झालं ते नंतर लिहा. आधी मावशी काय म्हणाल्या ते लिहा.

तुमची,
ताई